घड्याळाशेजारचा कोतवाल

“मीही येतो तुह्यासंगं गोंदियाले,” असं म्हणून आमच्या ह्यांनी दुकानातला सीपीयू माझ्या जुन्या साडीत गुंडाळायला घेतला, तेव्हा मी हातातली पिशवी पाठीमागे सरकवली.

मी तयार होऊन दारात उभी होते. पिशवीत वरती उडदाचं पीठ, आणि पिठाच्या पुडक्याखाली दवाखान्याचा कागद. गोंदियाजवळच्या फुलचूरला अनुसयाकडे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीकडे, पापड करायला जाते असं मी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. उन्हाळ्यात पापडाला जाणाऱ्या बाईबरोबर कोणता नवरा येतो? म्हणून तर ते कारण शोधलं होतं. खरी गोष्ट अशी, की माझ्या छातीत डाव्या बाजूला गाठ लागली होती. आठवड्यापूर्वी गोंदियाच्या दवाखान्यात सुई टोचून तिच्यातलं थोडं तपासायला काढलं होतं. ती गाठ साधी आहे की दुसरी, हे आज कळणार होतं. ‘दुसरी’च्या पुढचा शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नव्हता. हे घरात फक्त मला आणि आमच्या मोनालीला माहीत होतं. बाबांना सांगायचं नाही, हे आम्ही मायलेकींनी पक्कं ठरवलं होतं. आणि आता हेच गृहस्थ सीपीयू काखेत मारून माझ्याच गाडीला निघाले होते.

का सांगायचं नाही, हे कळायला माणूस माहीत हवा. ह्यांचं नाव प्रफुल्ल. ठेवणाऱ्यानं काय बघून ठेवलं कोण जाणे. मी तर ह्यांना लग्नाच्या फोटोतसुद्धा काळजीतच पाहिलंय. दुकानाला कुलूप लावलं की दोन-तीनदा ओढून बघायचं, चार पावलं चालून जायचं, मग परत येऊन पुन्हा ओढायचं. मी तोवर रस्त्यावर पिशवी घेऊन उभी. घरी आलं की गॅसचं बटण. मोनाली नागपूरला नर्सिंगच्या कॉलेजात शिकते. ती गाडीत बसली की पोचल्याचा फोन येईपर्यंत ह्यांच्या घशाखाली पाणी उतरत नाही. एकदा मला साधा ताप आला होता, तर हे उशाशी बसून माझ्या नाकापुढे हात धरून श्वास चालू आहे का बघत होते. श्वास चालू होता, झोपेचं मात्र वाटोळं झालं.

अशा माणसाला गाठीचं काय सांगणार? सुई मला टोचायची आणि सलाईन ह्यांना लावायची, अशी वेळ आली असती.

आमगावात स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे, मैत्री ग्राफिक्स. लग्नपत्रिका, नामकरणाच्या पत्रिका, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स. हे कॉम्प्युटरवर सजवतात, छपाई गोंदियाला होते, काउंटर मी बघते. एका लग्नसराईत कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळ्या पत्रिका बसल्या जागी खाऊन गेला. नवरदेवाचे मामा दुकानात येऊन बसले होते. हलेचनात. ह्यांनी त्यांच्यासमोर सगळी पत्रिका पुन्हा पहिल्या अक्षरापासून टाईप केली, पण तेव्हापासून ह्यांच्या मनात जी भीती बसली ती बसलीच. मग गोंदियाच्या रिंकूने, ज्याच्याकडून हा कॉम्प्युटर घेतला त्याने, अँटिव्हायरस टाकून दिला. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, मसुराच्या दाण्याएवढी हिरवी ढाल दिसायला लागली. ती हिरवी असली की सगळं ठीक.

ह्यांनी त्या ढालीला नाव दिलं कोतवाल. माझे सासरे सेवकराम गावचे कोतवाल होते. अंधार पडला की काठी आपटत, मोठ्यानं खाकरत गावातून एक फेरी मारायचे. चोर सापडला असं काही माझ्या कानावर नाही, पण म्हणायचे, मी दिसलो का लोक निवांत निजतात. लेकाने तेवढं बरोब्बर उचललं. सकाळी दुकान उघडलं की आधी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे हात जोडायचे, मग कॉम्प्युटर लावायचा, मग कोतवाल जागेवर आहे का बघायचं आणि मगच मला चहा मागवायला सांगायचं. गिऱ्हाइकाने आणलेला पेनड्राइव्ह आधी काउंटरवरच्या स्टीलच्या ताटलीत. कोतवालाने तपासल्याशिवाय तो आत येणार नाही. चपला दाराबाहेर काढतो तसंच, ह्यात काय वाईट वाटायचं, असं हे लोकांना समजावतात. लोक हसतात आणि ठेवतात.

पण आमच्याकडची लाईट आणि आमच्याकडचं नेट. उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालतो पण नेट जातं, नेट गेलं की ती ढाल पिवळी होते. पिवळी झाली रे झाली, की हे कीबोर्डवरचे दोन्ही हात चटका बसल्यासारखे उचलणार आणि रिंकूला फोन लावणार. रिंकू हिंदी बोलणारा तरणा मुलगा आहे, पण सोशीक. ‘भैया, नेट आएगा तो हरा हो जाएगा,’ हे एकच वाक्य तो कितीतरी वर्षं न चिडता सांगतो आहे.

तर त्या दिवशी सकाळी ह्यांनी कॉम्प्युटर लावला आणि कोतवाल नव्हता. घड्याळ होतं, आवाजाचा भोंगा होता, मराठी-इंग्रजीची अक्षरं होती. ढाल हिरवी नाही, पिवळी नाही, नाहीच. ह्यांनी जागच्या जागी बटण बंद केलं, वायर ओढून काढली, रिंकूला फोन लावला. तो म्हणाला, घेऊन या. मग सीपीयू उचलून घरी आले ते घामाने निथळत. ह्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्या कोण्या दुकानवाल्याने माणूस पाठवून आपला कोतवाल पेनड्राइव्हमध्ये घालून पळवून नेला. आता सगळ्या पत्रिका आत उघड्यावर पडल्यात.

मी म्हणून पाहिलं, की मीच नेते, जाता जाता रिंकूकडे टाकते. तर म्हणे, ऑटोत गचके बसतात, तुझ्याच्यानं व्हायचं नाही. उद्या जा म्हटलं, तर म्हणे, लग्नं उद्यावर ढकलू का? मी चपला घातल्या.

गाडीत ह्यांना खिडकी मिळाली. मांडीवर सीपीयू, त्याच्याभोवती दोन्ही हात, जसं बाळंतपणाहून परतताना पोरगी आणली होती तसं. समोर कैऱ्यांची टोपली घेऊन एक बाई बसली होती, ती म्हणाली टीव्ही आहे का. झालं. ह्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. व्हायरस, नवरदेवाचे मामा, कोतवाल. ती माउली कैऱ्या सांभाळत हो हो करत होती. मला मात्र एवढा राग आला, की काय सांगू. मसुराच्या दाण्याएवढ्या ढालीसाठी ह्या माणसाचा जीव चाललाय, आणि मी इथं पदराखाली हात घालून चाचपते आहे, तर माझी गाठ जागच्या जागी.

रागाच्या खाली दुसरंही होतं, ते का लपवू. मला ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. आठवडाभर मी रात्री एकटीच जागत होते, सकाळी एकटीच उठत होते, पोळ्या लाटता लाटता एकटीच काय काय हिशेब करत होते. मोनालीचं कॉलेज व्हायचं आहे, ह्यांना चहासुद्धा नीट करता येत नाही. त्यातून मागच्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, रिपोर्टच्या दिवशी घरचं कोणीतरी बरोबर आणा. साधी गाठ असती तर कोणाला आणायला कशाला सांगतील? ते वाक्य माझ्या डोक्यातून हलत नव्हतं.

मधल्या गुदम्याच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा तर अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात ह्यांनीच माझ्याकडे पाहिलं.

“तुह्या तोंडाले एवढा घाम काऊन आला? बरं नाही का?”

एवढंच विचारलं, पण विचारता विचारता ह्यांचाच चेहरा असा उतरला, की मी म्हटलं, ऊन आहे ना. आणि आलेलं सगळं परत गिळून टाकलं.

गोंदियाला उतरल्यावर मी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. तुम्ही रिंकूकडे जा, मी ऑटोने फुलचूरला जाते. पण सीपीयू धरून ह्यांना खिशातून फोन काढता येईना, दरवाजा ढकलता येईना, म्हणून म्हणाले, तू दुकानापर्यंत तरी चल. गेले. दवाखान्यात दुपारी रिपोर्ट मिळतात, वेळ होता.

रिंकूने सीपीयू टेबलावर ठेवला, वायरी जोडल्या, पडदा उजळला. हे खुर्चीवर बसलेच नाहीत, त्याच्या मागे वाकून उभे राहिले. मीही बघत होते. खरंच नव्हती ढाल. रिंकूने घड्याळाच्या बाजूच्या एका बारीक बाणावर टिचकी मारली. वर तोंड केलेला बाण, आम्ही इतकी वर्षं तो पाहत आलो होतो, पण तो कशासाठी आहे हे ना ह्यांनी कधी विचारलं ना मी. टिचकी मारल्याबरोबर एक छोटीशी चौकट उघडली आणि तिच्यात हिरवीगार ढाल.

“ये रहा ना, भैया,” रिंकू म्हणाला. “कहीं नहीं गया. किसी ने अंदर करके रखा है बस.”

मग त्याने बोट ठेवून दाखवलं. ढाल धरून बाहेर ओढली की घड्याळाशेजारी येते, धरून बाणात सोडली की आत जाते. आत गेली म्हणजे बंद पडली असं नाही. काम चालूच. आज सकाळीच तिने स्वतःला ताजं करून घेतलं होतं, काल आलेला एक घाणेरडा पेनड्राइव्हही तिने धरला होता, ते सगळं त्याने उघडून वाचून दाखवलं. हे ऐकत होते, आणि ह्यांचे खांदे हळूहळू खाली येत होते.

“म्हणजे पुरा वेळ जागाच होता?”

“जागा ही था, भैया.”

मला हसू फुटलं. एवढं मोठ्यानं, की शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. आणि त्याच हसण्यात माझ्या लक्षात आलं, की आता हे विचारणार, ठेवला कोणी आत? ठेवणारी कोण, ते मला कळलंच होतं. काल संध्याकाळी नागपूरला परत जायच्या आधी मोनाली दुकानात कॉम्प्युटरवर बसली होती.

ह्यांनी तिथूनच तिला फोन लावला. हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर. मोनालीने लगेच कबूल केलं, पोरगी खोटं बोलत नाही.

“मीच केलं, बाबा. जरासं पिवळं झालं का तुमचा बीपी वाढते. मले वाटलं, दिसलं नाही तं तुमाले ताण नाही. तो तं आपलं काम करूनच राहिला होता.”

आता हे ओरडणार, असं मला वाटलं. रिंकूलाही वाटलं असावं, तो उगाचच वायर पुसायला लागला. पण हे ओरडले नाहीत.

“बेटा, पिवळं दिसलं तं मी घाबरतो, हे खरं आहे,” हे म्हणाले. “पण काहीच दिसलं नाही, तं आज मी साऱ्यालेच घाबरलो. मी घाबरतो म्हणून माह्यापासून लपवत नको जाऊ. घाबरलो म्हणून काम सोडून कधी पळालो का मी?”

मोनालीने हळू आवाजात विचारलं, आई आहे का जवळ. मी फोन उचलून स्पीकर बंद केला आणि दाराशी गेले.

“आई, आता सांगून टाक,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.

दुकानाच्या बाहेर उसाच्या रसाची गाडी होती. मी ह्यांना तिथे घेऊन आले, दोन ग्लास घेतले. हे खुश होते. घोट घोट पीत कोतवालाचंच बोलत होते, बाण किती दिवसांपासून तिथे होता आणि आपल्याला कसं कळलं नाही. मी आधी इकडे तिकडे बघून घेतलं. एक लाकडी बाकडं होतं. चक्कर आली तर ह्यांना त्याच्यावर बसवता येईल, असा मी मनाशी अंदाज घेतला.

“मी पापडाले नाही आली,” मी म्हटलं. “माह्या छातीत गाठ आहे. सुई टोचून तपासाले देली आहे. आज तिचा रिपोर्ट आहे.”

ह्यांनी ग्लास खाली ठेवला. सावकाश, रस न सांडता. बाकड्याकडे गेले नाहीत, काही नाही. माझ्याकडे बघत राहिले, आणि तो चेहरा गाडीतल्यासारखा पडला नव्हता. तसा चेहरा मी आधी पाहिलाच नव्हता, किंवा पाहिला असेन तो त्या दिवशी, मामा समोर बसलेले असताना हे पत्रिका पुन्हा टाईप करत होते तेव्हा.

“दुखते का?”

नाही म्हटलं.

“सुई टोचाले एकटी गेली होती?”

मोनाली होती म्हटलं.

“मंग ठीक. सकाळपासून काही खाल्लं का तू?”

मी मान हलवली. खाल्लं नव्हतं. ह्यांनी पलीकडच्या टपरीवरून पोहे आणले, तर्री न घालता, मला तिखट चालणार नाही म्हणून. मी खाईपर्यंत शेजारी उभे राहिले. मग आत जाऊन रिंकूला सांगितलं, सीपीयू इथंच राहू दे, संध्याकाळी नेतो. कुठे ठेवणार, कोणी हात तर लावणार नाही ना, कुलूप कोणतं, काहीसुद्धा विचारलं नाही. रिंकू माझ्याकडे बघायला लागला. सकाळपासून जो डबा ह्यांनी कैऱ्यांच्या टोपलीलासुद्धा लागू दिला नव्हता, तो साडी अर्धी सोडलेली तशीच टेबलावर टाकून हे बाहेर आले आणि ऑटो थांबवला.

ऑटोत मला रडू आलं. आठवडाभराचं साचलेलं सगळं एकदम. मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही घाबराल म्हणून नाही सांगितलं.

“घाबरलोच ना,” हे म्हणाले. “घाबरून दवाखान्यात जाता येते. त्यात काय.”

त्या एका वाक्याने माझ्या छातीवरचा धोंडाच कोणीतरी उचलून नेला. रिपोर्ट अजून हातात नव्हता. तो काहीही असू शकत होता. पण मला त्या ऑटोत, त्या उन्हात, जे हायसं वाटलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. रिपोर्टपेक्षाही मला ह्यांचीच भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

दवाखान्यात ह्यांनी खिडकीवर जाऊन विचारलं, कागद दाखवला, कुठे बसायचं ते समजून घेतलं. मला पंख्याखालची जागा बघून दिली. पाण्याची बाटली भरून आणली. माझ्या शेजारी बसून ह्यांनी काय बोलावं? एका पत्रिकेचं सांगायला लागले. त्या घरात नवरदेवाच्या आत्याचं नाव मामीच्या वर घ्यायचं की खाली, ह्यावरून दोन्हीकडची माणसं ह्यांना वेगवेगळे फोन करतात. आत्या म्हणते, माझं नाव खाली आलं तर मी हळदीलासुद्धा येणार नाही. ह्यांनी तोड अशी काढली, की दोन्ही नावं एकाच ओळीत शेजारी शेजारी घ्यायची. तर आत्याचा पुन्हा फोन, की डावीकडे कोण? मी त्या दवाखान्याच्या बाकावर तोंडाला पदर लावून हसले. समोरची बाई बघत राहिली.

नाव पुकारलं तेव्हा हे माझ्याआधी उठले.

डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि फार ताणलं नाही. “साधी गाठ आहे. कॅन्सर नाही.”

तो शब्द पहिल्यांदा कोणीतरी मोठ्यानं उच्चारला, आणि तोही ‘नाही’ला जोडून. मी विचारलं, मग घरचं माणूस आणा असं का म्हणाला होता? तर त्या म्हणाल्या, आम्ही सगळ्याच बायकांना तसं सांगतो, बायका एकट्या येतात आणि अर्धं ऐकून जातात. घ्या. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर मेले होते.

हे मात्र अर्धं ऐकणारे नव्हते. काढावी लागेल का, सध्या नाही. औषध काही, नाही. पुन्हा कधी दाखवायचं, सहा महिन्यांनी, वाढली किंवा दुखली तर लगेच. घरच्या घरी कसं बघायचं, तेही नीट विचारून घेतलं. दवाखान्याच्या आवाराबाहेर पडल्यावर ह्यांनी मोनालीला फोन लावला आणि पहिलं वाक्य ‘साधी आहे’ एवढंच बोलून फोन माझ्याकडे दिला. आम्ही दोघी काय बोललो ते आठवत नाही. दोघी रडत होतो आणि दोघी हसत होतो, हे आठवतं.

परतीच्या गाडीत मांडीवर सीपीयू, पण ह्या वेळी एकच हात त्याच्यावर. दुसऱ्या हाताने ह्यांनी रुमाल काढायला माझ्या पिशवीत चाचपलं आणि पुडकं बाहेर आलं.

“मंग हे पीठ कायले आणलं?”

मी म्हटलं, तुम्हाला खरं वाटावं म्हणून. ह्यांनी पुडकं हातात तोलून पाहिलं. म्हणाले, पुढल्या वेळेस खोटं बोलशील तं कमी पीठ घेत जा, हात दुखतात.

आमगावला उतरून सरळ दुकानात गेलो. दिवस कलला होता. ह्यांनी वायरी जोडल्या, कॉम्प्युटर लावला. रिंकूने ढाल बाहेर काढून ठेवली होती, घड्याळाच्या अगदी शेजारी. दिसली, पण पिवळी. नेट गेलेलं होतं. मी ह्यांच्या फोनकडे पाहिलं. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा वर ढकलला आणि आत्या-मामीची पत्रिका उघडून कामाला बसले. रिंकूला फोन केला नाही. मी ताटलीतले पेनड्राइव्ह पुसले, कालच्या पत्रिकांचे गठ्ठे बांधले. केव्हातरी नेट आलं आणि ढाल हिरवी झाली. मी पाहिलं. हे आत्याचं नाव डावीकडे घ्यायच्या नादात होते.

अंधार पडायला दुकान वाढवलं. ह्यांनी शटर खाली ओढलं आणि कुलूप लावायला वाकले. किल्ली कुलपाच्या तोंडाशी गेली आणि बाजूला सरकली. पुन्हा गेली, पुन्हा सरकली. मला वाटलं, दिसत नसेल, म्हणून मी मोबाईलचा उजेड धरला. तेव्हा दिसलं. हात कापत होता. किल्ल्यांचा जुडगा सगळा वाजत होता. दिवसभर जो हात ग्लास न सांडता खाली ठेवत होता, बाटली भरून आणत होता, त्याच्यात आता किल्ली धरायचंही बळ नव्हतं.

मी ह्यांच्या हातातून किल्ल्या घेतल्या आणि कुलूप लावलं. हे बाजूला सरून भिंतीला टेकले, रोजच्यासारखं ओढून बघायला पुढे आले नाहीत. मग मीच ओढून पाहिलं. दोन-तीनदा. चार पावलं पुढे गेले, परत आले आणि पुन्हा ओढलं.

“लागलं,” मी म्हटलं.